सतरा वर्षांची गरोदर मुलगी: आधी रक्त की आधी पोलीस?

सातपुड्यातली डॉक्टर
धडगाव तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. काल आशाताई एका मुलीला घेऊन आली. सातवा महिना, हिमोग्लोबिन ६.२, पायांवर सूज, दोन पायऱ्या चढली तरी धाप. देज (मुलीच्या घरच्यांना द्यायचं वधूमूल्य) देऊन रीतसर लग्न झालेलं, नवरा विशीतला. सासू म्हणाली, एकोणीस पुरी. आधारवर सतराच.

नंदुरबारला पाठवून रक्त द्यायलाच हवं. पण पॉक्सोच्या, म्हणजे अठराखालच्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणंही बंधनकारक. मुलगी माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, त्याला नेलं तर मला कोण बघणार?"

गेल्या वर्षी अशीच एक खबर दिली होती. त्यानंतर त्या पाड्यावरच्या दोन बायका तपासणीला फिरकल्याच नाहीत, घरीच बाळंत झाल्या. एकीचं बाळ गेलं. ते बाळ माझ्या हिशेबात धरायचं का, हे मला अजून ठरवता येत नाही. काय करू?

वकील, धुळे
कळवावं लागेल. नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मुलीचं नाव न सांगण्याची मुभा दिली, ती गर्भपातासाठी आलेल्या मुलींपुरती. लग्न झालंय हा बचावही २०१७ च्या निकालानंतर उरला नाही. मात्र उपचार कशासाठीही अडत नाहीत. २०२० च्या नियमांनुसार तातडीच्या उपचाराआधी कुठलाही कायदेशीर कागद मागता येत नाही.

निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ, जळगाव
अगं, आधी गाडी बोलाव. सातच्या खाली गेलेलं हिमोग्लोबिन आता गोळ्यांनी भरून निघणार नाही. सिकलसेल, म्हणजे तो आनुवंशिक रक्ताचा आजार, पाहिलास का? भिल्ल-पावरा मुलींत ते बघितल्याशिवाय लोहाची सलाईनं लावत सुटू नये.

आणि तिच्या पाठीमागे खबर देऊ नकोस. मी एकदा तसं केलं होतं. पोलीस दारात दिसले तेव्हाच तिला कळलं. रात्रीत वॉर्डातून निघून गेली, पुन्हा दिसली नाही.

आशा, अक्कलकुवा तालुका
मॅडम, पोलीस आले की गाव आमच्याकडे बघतं. डॉक्टरांची बदली होते, आम्ही तिथंच राहतो. खबर दिल्यावर पाड्यावर तुम्ही स्वतः या.

सातपुड्यातली डॉक्टर
१०८ ने नंदुरबारला गेली, सासू सोबत आहे. सिकलसेलची पहिली चाचणी, सोल्युबिलिटी, पॉझिटिव्ह आली, खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिसला नमुना दिलाय. पोलिसांना कळवणार हे ती गाडीत बसल्यावर सांगितलं, दार उघडं ठेवून. रडली, पण उतरली नाही. शनिवारी आशाताईबरोबर पाड्यावर जातेय.