सहावीतल्या मुलाला वेगळ्या वर्गात घालावं का? (बडोदा)

मांजलपूरची आई
मुलगा सहावीत, सीबीएसई. तोंडी विचारा, विज्ञानाचा अख्खा धडा सांगेल. वहीत मात्र अर्धं पान, तेही खाडाखोडीचं. मागच्या वर्षी डिस्लेक्सियाचा (वाचन-लेखनातल्या अडचणीचा) दाखला मिळाला. आता शाळा बारा मुलांचा वेगळा वर्ग काढतेय. भाषा आणि गणित तिथे, बाकीचं सगळ्यांबरोबर. सासूबाई म्हणतात, वेगळं बसवलं की मूल वेगळंच पडतं. नवरा म्हणतो, घालून बघू. मी मधे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, हिंदी, आणि २०२३ च्या कायद्याने आठवीपर्यंत सगळ्याच शाळांत गुजराती. म्हणजे तीन लिप्या. गुजरातीला शिरोरेषा नाही, 'घ' आणि 'ध' त्याला सारखेच दिसतात. (मलाही दिसायचे, लग्न होऊन पुण्याहून आले तेव्हा.)

रावपुऱ्याच्या बाई, निवृत्त
घालू नकोस गं. पस्तीस वर्षं शिकवलंय, 'वेगळा वर्ग' म्हणजे काय ते पाहिलंय. जिन्याखालची खोली, दर वर्षी नवी टीचर, आणि बाकीच्या पोरांनी त्या वर्गाला ठेवलेलं नाव. ते नाव मुलाला दहावीपर्यंत चिकटतं. तिथून मूळ वर्गात परत आलेलं मूल मी एकही पाहिलं नाही. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर शिक्षण सक्तीचं केलं, मुलांना न पाठवणाऱ्याला दंड ठेवला. त्याच गावात आपण मुलाला शाळेतल्या शाळेत बाहेर काढायचं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. बोर्डाला लेखनिक आणि तासामागे वीस मिनिटं जादा मिळतात, तेच वर्गातल्या परीक्षेला मागून घे.

ओपनवाला
बाई, राग मानू नका, पण वाचताच येत नाही त्याला जादा वेळ काय कामाचा? मलाही मिळायचा. त्या वेळात मी तोच परिच्छेद चौथ्यांदा वाचायचो. वर्गात बावन्न पोरं, माझी पाळी आली की मागून खसखस. सातवीत आईबाबांनी काढलं. एका ताईंकडे आम्ही सहा जण, दोन वर्षं. शब्द आवाजात फोडायचा, बोटाने वाळूत गिरवायचा, मग कागदावर. चौदा वर्षांचा घोडा वाळूत 'क्ष' काढतोय, हसा खुशाल. दहावी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून दिली. तिथे पाच वर्षांत नऊ संधी असतात, मी एकेक विषय करत सोडवली. एकटं पडल्यासारखं मला बावन्न जणांत वाटायचं, सहा जणांत नाही.

हिशोबी बाबा
फी किती, हे कुणी विचारतच नाही! आमच्या मुलीच्या वेळी अशाच वर्गाला नेहमीच्या फीवर निम्मी फी जादा मागितली. टीचरचं शिक्षण विचारलं तर म्हणे ट्रेनिंग चालू आहे. भारतीय पुनर्वसन परिषदेची (विशेष शिक्षकांची नोंद तिथे होते) नोंदणी बघा, नसेल तर ती निव्वळ ट्यूशन. आणि दाखला जपून ठेवा, चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी होते.

रावपुऱ्याच्या बाई, निवृत्त
@ओपनवाला, तुझं भलं केलं ते त्या ताईंनी. खोलीने नाही.

ओपनवाला
मान्य. पण बावन्न जणांत ती ताई कुठून आणायची?

रावपुऱ्याच्या बाई, निवृत्त
वर्गातच दुसरी टीचर द्यावी. शाळा देत नाहीत, ते मलाही ठाऊक आहे.

मांजलपूरची आई
आज शाळेत जाऊन आले. दोन टीचर, एकीचीच नोंदणी आहे. खोली जिन्याखाली नाही, सहावी-बच्या शेजारी आहे. मूळ वर्गात परत कधी, कसं, विचारलं तर कोऑर्डिनेटर म्हणाल्या, "बेन, ए हजी नक्की नथी." म्हटलं, नक्की करा आणि लेखी द्या, मगच सही. आणि गंमत म्हणजे गुजराती मोठ्या वर्गातच ठेवलंय, जिथे तो सगळ्यात जास्त अडतो!

रात्री त्यालाच विचारलं. इतके दिवस ते राहूनच गेलं होतं. तो म्हणाला, "तिथे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावतात का?" म्हटलं, लावत असतील, पण बाराच जणांसमोर. जरा विचार करून म्हणाला, "बारा चालतील."

रावपुऱ्याच्या बाई, निवृत्त
दिवाळीपर्यंत बघ मग. पण लेखी घेच.

हिशोबी बाबा
आणि फी?