टीव्हीतल्या माणसांना ती घरं परवडतात तरी कशी?

'फ्रेंड्स' ही अमेरिकन मालिका लावली की आमच्याकडे एकच वाद पेटतो: हॉटेलात स्वयंपाक करणारी मोनिका न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये एवढ्या ऐसपैस घरात राहते कशी? तुमच्याकडेही असे हिशेब होत असतील तर लिहा. मालिका कुठलीही चालेल.

— गिरगावकराला हा प्रश्न पडूच नये! घर तिच्या आजीच्या नावावर, भाडं जुन्या काळचं. आपली पागडीच की. आमची भाडेपावतीसुद्धा वारलेल्या आजोबांच्या नावाने यायची. आत्तेभाऊ शिकायला आमच्याकडे राहायचा, पण मालकाचा माणूस जिन्यात दिसला की तो 'चार दिवसांचा पाहुणा'. तिकडे मोनिकाच्या इमारतीचा देखभालवाला तक्रारीची धमकी देतो, तर तिचा मित्र असलेल्या बिचाऱ्या जोईला त्याच्याबरोबर नाचाचा सराव करावा लागतो. आम्ही चहावर भागवायचो.

— न्यू जर्सीतून लिहितेय. न्यूयॉर्कमध्ये आजीचं भाडं नातीला आपसूक मिळत नाही. सहसा दोन वर्षं तिच्याबरोबर राहिल्याचे पुरावे लागतात. म्हणून तर लपवाछपवी. शेवटच्या भागात मोनिकाचा नवरा चँडलर सांगतोच, भाडेनियंत्रणामुळे घर जवळजवळ फुकटात पडलं.

— 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेतल्या होमर सिम्पसनच्या बापाने स्वतःचं घर विकून पोराला पैसे दिले. पुढे पोराने त्यालाच वृद्धाश्रमात धाडलं. आमच्या सोसायटीतही बऱ्याच फ्लॅटचं डाउन पेमेंट गावच्या जमिनीतून आलंय. वास्तुशांतीत मात्र बोलतात फक्त बँकेच्या कर्जाबद्दल.

— मालिकांच्या सेटवर लाइटचं काम केलंय. हॉल मोठा असतो तो कॅमेऱ्यांसाठी. तीन-तीन कॅमेरे, त्यांच्या केबली, वर आमचे स्टँड. एक भिंत तर नसतेच. फ्रिज उघडला तर आत स्पॉटबॉयचा डबा.

— 1988 च्या 'वागले की दुनिया'तले वागळे कसे विसरलात? कारकुनाचा पगार, तेवढंच घर. राधिकाबाईंचं बजेट आईला तोंडपाठ होतं. बाबा मात्र वैतागायचे, "दिवसभर तेच करून आलोय, आता टीव्हीवरही तेच बघू?"

— वागळे राहू द्या, 'क्योंकि सास भी कभी बहू थी'तल्या विराणींचा धंदा नक्की कसला होता? त्यांच्या 'शांतिनिकेतन' बंगल्यात सकाळी नाश्त्याला सगळे हजर, दुपारी भांडायलाही हजर. सगळे भाग बघितलेल्या सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "फाइलींवर सह्या करायचे ना!"