मदत हवी आहे: नेहमीच्या चेडर चीजची चव गेली, शाकाहारी आणि परवडणारा पर्याय सुचवा

मंडळी, प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण आमच्याकडची शनिवार सकाळ यावर चालते म्हणून विचारतेय.

मी २०११ पासून इंग्लंडात, रेडिंगला राहते. आल्यापासून घरात एकाच सुपरमार्केटचं, त्यांच्याच नावाचं एक्स्ट्रा मॅच्युअर चेडर येतं. (नाव घेत नाही, उगाच वाद नको.) सुरी लावली की भुसभुशीत तुकडे पडायचे, जिभेच्या कडांना चुणचुणायचं आणि मधेच दाताखाली कणी यायची. चीज मुरताना कॅल्शियम लॅक्टेटचे स्फटिक धरतात, त्यांची ती कणी. पहिल्यांदा वरून पांढरे ठिपके दिसले तेव्हा बुरशी समजून मी अर्धी वडी फेकून दिली होती. त्याचं दुःख अजून आहे.

गेलं वर्षभर मात्र हे चीज तुटत नाही, वाकतं. कांदा-मिरची घालून टोस्टवर वितळवलं की पिझ्झ्यासारखी तार सुटते. चव गुळमट, मागून थोडी गोडसर. वेष्टनाचा रंग तोच, त्यावरचा तिखटपणाचा आकडा ५ तोच. बदललं ते वजन, ४०० ग्रॅमची वडी ३५० ची झाली.

आधी वाटलं, वयाप्रमाणे माझीच जीभ बोथट झाली. मग फोनमध्ये एक जुना फोटो सापडला. नवऱ्याला दुकानात धाडताना 'हेच आण, दुसरं नको' म्हणून पाठवलेला. तो आणि आजचं पाकीट शेजारी ठेवून पाहिले, तर मागच्या लंबगोल शिक्क्यातला क्रमांक वेगळा! म्हणजे डेअरीच बदलली ना? शिवाय पूर्वी पाकिटावर किती महिने मुरवलंय ते छापलेलं होतं, आता ती ओळच गायब आहे.

माझा अंदाज असा की विरजण बदललंय आणि मुरवणं कमी केलंय. दह्याचं विरजण बदललं की आपल्याला दुसऱ्या दिवशी कळतं, इथे कळायला वर्ष गेलं इतकंच.

आता अडचणी. मे महिन्यात सासूबाई येताहेत. त्यांना वासराच्या जठरातलं रेनेट (चीजसाठी दूध फाडायला घालतात ते) चालत नाही, आणि खरं सांगायचं तर ते काय असतं हे समजल्यापासून मलाही नको वाटतं. मागच्या महिन्यात शेतकरी बाजारात कापडात बांधलेलं एक चेडर चाखलं. अहाहा! अगदी हवी ती चव. दुसरा तुकडा तोंडात टाकल्यावर रेनेटचं विचारलं, आणि बाईंनी इतक्या अभिमानाने 'पारंपरिक, वासराचं' म्हणून सांगितलं की मी थँक्यू म्हणून तिथून सटकले. शिवाय रोजच्या टोस्टला किलोमागे १५ पौंडांच्या वर जायची तयारी नाही. किसलेलं पाकीट सुचवू नका, त्यात चिकटू नये म्हणून बटाट्याचं स्टार्च असतं.

तर शाकाहारी, आंबूस, भुसभुशीत असं काही आहे का?

प्रतिसाद १
ताई, शिक्क्यावरून एवढा निष्कर्ष काढू नका. तो क्रमांक बहुतेक वेळा जिथे वड्या कापून पॅक केल्या त्या जागेचा असतो. चीज दुसरीकडे बनलेलं असू शकतं. फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या यादीत क्रमांक शोधा, जागा कळेल. दूध आयर्लंडचं की इथलं, तेही पाकिटावर बघा.
तिखटपणाच्या आकड्याला कायद्याचा आधार नाही, ज्याचा त्याचा हिशोब. 'चेडर' नावालाही संरक्षण नाही, सॉमरसेटच्या चेडर गावाशी संबंध नसला तरी कुणीही वापरतं. संरक्षण आहे ते 'वेस्ट कंट्री फार्महाउस चेडर' या नावाला: सॉमरसेट, डॉर्सेट, डेव्हन, कॉर्नवॉल या चारच परगण्यांत, तिथल्याच दुधाचं, किमान ९ महिने मुरवलेलं. पाकिटावर हे शब्द शोधा.

प्रतिसाद २
गोडसरपणाबद्दल तुमचा विरजणाचा अंदाज बरोबर असू शकतो. आजकाल पुष्कळ ठिकाणी नेहमीच्या विरजणाच्या जोडीला हेल्व्हेटिकस नावाचे जिवाणू घालतात. त्याने गोडसर, बदामी चव लवकर येते. लोकांना आवडते म्हणून करतात, फसवणूक नव्हे. मला स्वतःला ती चव अजिबात सोसत नाही.
बार्बर्सचं १८३३ घेऊन बघा. सॉमरसेटमधल्या डिचीटचं, साधारण दोन वर्षं मुरवलेलं, शाकाहारी. जुनी विरजणं अजून जपून ठेवणारं घराणं आहे. रोजच्यासाठी वाइक फार्म्सचं एक्स्ट्रा मॅच्युअर, तेही शाकाहारी. ऑफर लागली की दोन्ही तुमच्या बजेटात बसतील.
माँटगोमेरी, कीन्स, वेस्टकोंब यांची कापडातली चेडरं सोडाच. रेनेट वासराचं, आणि कापडाला चरबी चोळण्याची जुनी रीत. (चवीला मात्र असली, की २०२४ मध्ये भामट्यांनी लंडनच्या नील्स यार्ड डेअरीकडून असलं २२ टन चेडर खोटी ऑर्डर देऊन लांबवलं होतं!)

धागाकर्ती
दोघांचे आभार. क्रमांक शोधला, पॅकिंगचीच जागा निघाली. म्हणजे डेअरीवर उगाच आळ घेतला. पण महिन्यांची ओळ गायब झाली ती झालीच.
१८३३ आणलं. कड लगेच सुटली, चुणचुण आहे, कणीही आहे. वाइकचं अजून फोडलेलं नाही. एक शंका: फ्रीजमध्ये मूळ प्लास्टिकातच ठेवायचं की बटर पेपरात गुंडाळून डब्यात? माझी वडी चौथ्या दिवशी कडेने वाळते, आणि सासूबाई यायला अजून तीन आठवडे आहेत.