हीट पंपचा गीझर घरी बसवावा का? (नाशिक, सहा माणसं)

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. आम्ही चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात सहा माणसं, दोन बाथरूम, २५ लिटरचे दोन गीझर. थंडीत सकाळी दोन्ही गीझर जवळजवळ चालूच असतात आणि बिल ३०० युनिटच्या पुढे गेलं की वरच्या स्लॅबचा दर लागतो. गच्ची सोसायटीची, सोलरला बाकीचे तयार नाहीत. दुकानदार म्हणतो २०० लिटरचा हीट पंप घ्या, एक युनिट विजेत तीन-साडेतीन युनिटची उष्णता मिळते. हे काही पटत नाही. एक घालून तीन निघतील कसे? शिवाय सासऱ्यांना संधिवात आहे, त्यांना पाणी चांगलं कढत लागतं. जाणकारांनी सांगावं.

निफाडचा फ्रिजवाला

ताई, दुकानदार खरं बोलतोय, फक्त अर्धं बोलतोय.

फ्रिजच्या मागे हात लावून बघा, गरम लागतो. आतल्या भाजीतली उष्णता ओढून तो मागे टाकतो. हीट पंप हेच करतो, फक्त उष्णता ओढतो बाहेरच्या हवेतून आणि टाकतो टाकीतल्या पाण्यात. वीज लागते ती उष्णता वाहून न्यायला.

कसं ते सांगतो. मशीनच्या नळ्यांत फिरणारा आर-१३४ए हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशाला उकळतो. पंख्यासमोरच्या कॉइलमध्ये दाब गेजवर (म्हणजे साध्या हवेच्या दाबाच्या वर) तीन बारच्या आसपास ठेवला तर तो साधारण १० अंशाला उकळतो. तुमच्या बाल्कनीतली २८ अंशांची हवा त्याच्यासाठी गरमच आहे, त्या हवेवर तो उकळून वाफ होतो. मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबून पंधरा-सोळा बारपर्यंत नेतो. त्या दाबाला ती ६० अंशांजवळ पुन्हा पातळ होते आणि हवेतून घेतलेली सगळी उष्णता टाकीभोवतीच्या कॉइलमधून पाण्याला देते. पुढे बारीक नळीतून दाब उतरतो आणि फेरा परत सुरू.

आता तुमचा हिशोब. २०० लिटर पाणी २० वरून ५० अंशांवर न्यायला ६००० किलोकॅलरी लागतात, म्हणजे ७ युनिट. साध्या गीझरला ती सातच्या सात मीटरमधून घ्यावी लागतात. हीट पंपाला दोन-सव्वादोन. फरक दिवसाला पाच युनिटच्या जवळ, महिन्याला दीडशे. तुमच्या बिलावरचा वरच्या स्लॅबचा दर घ्या, दीडशेने गुणा, आणि दुकानदाराच्या किमतीशी ताडून बघा. उन्हाळ्यात नळाचंच पाणी कोमट येतं, तेव्हा बचत बरीच कमी. वर्षाचा हिशोब करताना हे धरा.

२०० लिटर पुरेल का? ५० अंशांचं १३ लिटर आणि थंड ७ लिटर मिळून ४० अंशांची एक बादली होते. सहा जणांच्या दोन-दोन बादल्या धरल्या तरी १६० लिटर. पुरतं. दोघा माणसांच्या घराला मात्र मी हे कधीच सुचवत नाही, पैसे वसूल होत नाहीत.

दुकानदाराने न सांगितलेलं अर्धं हे. आमच्याकडे निफाडला थंडीत पहाटे पारा एक आकडी होतो, नाशिकलाही फार वेगळं नाही. त्या हवेतून उष्णता ओढताना मशीन दमतं, साडेतीनचे अडीच होतात. म्हणून पहाटे चालवूच नका. टायमर लावून दुपारी १२ ते ४ चालवा. डिसेंबरातही दुपार २८ अंशांची असते. टाकीला पफ, म्हणजे उष्णता धरून ठेवणारा फोम असतो, सकाळपर्यंत पाणी थोडंच उतरतं. स्मार्ट मीटर असेल तर दिवसा ९ ते ५ वापरलेल्या विजेला महावितरणची सवलतही आहे.

दुसरं, आत एक बॅकअप कॉइल असते, दीड किलोवॅटच्या आसपास. मशीन 'ऑटो'वर ठेवलं की ती हळूच चालू होते आणि तुमची सगळी बचत खाते. मी बघायला गेलेल्या 'बिल कमीच होत नाही' अशा तक्रारींत निम्म्या वेळा हेच निघालं. 'ईको'वर ठेवा. फक्त आठवड्यातून एकदा पाणी ६० अंशांपर्यंत जाऊ द्या, कारण कोमट साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. घरात वयस्कर माणसं आहेत, यात हयगय नको. सासऱ्यांना ५० अंशांचं पाणी भरपूर कढत होईल, पण बादलीत आधी थंड आणि मग गरम, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

अलिबागवरून

आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात हा छान चालतो. हवा दमट असली की वाफेचं कॉइलवर पाणी होतं आणि त्या वाफेतली उष्णताही गॅसला मिळते. ऐन श्रावणात शेजाऱ्यांचा सोलर थंड आणि आमचं पाणी कढत. मात्र खाऱ्या वाऱ्याने कॉइलवरच्या बारीक पत्र्या गंजतात. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी कॉइलला कोटिंग आहे का विचारूनच घ्यावा.

गंगापूररोडकर

दादा, इतकं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. दोन शंका. ड्राय बाल्कनी आहे, पण बिल्डरने तिला काचा लावल्यात. तिथे चालेल का? आणि आम्हाला बोअरचं पाणी आहे.

निफाडचा फ्रिजवाला

काचा बंद असतील तर नाही चालणार. मशीन थंड हवा बाहेर फेकतं, बंद जागेत तीच परत ओढतं आणि तासाभरात स्वतःच गारठतं. एक तावदान काढून जाळी बसवा, किंवा थंड हवेचा डक्ट बाहेर काढा. शेजारच्या बेडरूमची खिडकी समोर येत नाही ना बघा, पंखा-कॉम्प्रेसरचा घुमणारा आवाज दुपारीही लहान मुलाला त्रास देतो. भरलेली टाकी अडीचशे किलोच्या घरात जाते, ती खालीच उभी करा. हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंतीवर टांगायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

बोअरच्या पाण्याचं म्हणाल, तर टाकीत मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो. टाकीऐवजी तो झिजतो. वर्षाने उघडून बघायचा. बोटाएवढा जाड रॉड पेन्सिलीएवढा झाला की बदला, टाकी गळायची वाट बघू नका. गॅसची कॉइल टाकीच्या बाहेरून गुंडाळलेली असेल असंच मॉडेल मागा, तिला क्षार चिकटत नाहीत.

लांबच्या बाथरूमची पाइपलाइन किती आहे? दहा मीटर अर्ध्या इंची पाइपात एक-सव्वा लिटर थंड पाणी आधी येईल. पाइपावर काळा फोम चढवून घ्या, आणि प्लंबर भिंत बुजवण्याआधी तो खरंच चढलाय का हे स्वतः उभं राहून बघा.