आई-बाबा डायलिसिसवर आणि मुलाला डॉक्टर व्हायचंय: जाणकारांनी लिहावं

घरातलं आजारपण बघून मूल ‘मी डॉक्टरच होणार’ म्हणतं, तेव्हा ते मनापासून म्हणत असतं. पण आपल्याकडे एमबीबीएसला मुलाखत नाही की निबंध नाही. का व्हायचंय, हे कुणी विचारत नाही. नीटचे ७२० पैकी गुण आणि कागदपत्रं, बस्स. म्हणून ज्याला जे पक्कं ठाऊक आहे ते लिहा, मुलांच्या कामी येईल असं.

डायलिसिस विभागातून
मुलांनो, फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, नीट बघायला शिका. रोज सकाळी त्या जागेवर बोटं ठेवा, सतत भिरभिर जाणवली पाहिजे. ती थांबली तर रक्त गोठलेलं असू शकतं. दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्या हातावर बीपी नको, सलाईन नको, रक्त काढणं नको, घट्ट बांगड्या नकोत. डायलिसिस साधारण ४ तास, आठवड्यातून ३ वेळा. मशीनमधून रक्त साफ करणारा द्रव मिनिटाला ५०० मिली वाहतो, म्हणजे एका वेळेला १२० लिटर! शहाळं मात्र लाडानं देऊ नका. त्यात पोटॅशियम भरपूर. ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात.

बायोलॉजी शिकवते
वरच्या माहितीला एक जोड देते, कारण अशा घरातली हुशार मुलं इथेच गुण घालवतात. एनसीईआरटीच्या उत्सर्जनाच्या धड्यात डायलिसिसचा द्रव नायट्रोजनयुक्त टाकाऊ पदार्थ सोडले तर प्लाझ्मासारखाच (रक्तातल्या द्रव भागासारखा), असं दिलंय. प्रत्यक्षात त्यात पोटॅशियम रक्तापेक्षा बहुधा कमी ठेवतात. पुस्तकात रक्त परत सोडताना अँटी-हेपारिन घालतात, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनचा उतारा. विभागात ते सहसा देत नाहीत, शेवटी हेपारिनच थांबवतात. मूल डोळ्यांनी पाहिलेलं लिहितं आणि उत्तर चुकतं. परीक्षेत पुस्तकातलंच उत्तर. चुकीला १ गुण वजा, बरोबरला ४. बायोलॉजीचे ९० प्रश्न म्हणजे निम्मा पेपर, आणि दवाखान्यातल्या बाकावर बसून वाचता येण्यासारखा तोच. फिजिक्सची गणितं तिथे होत नाहीत, त्यांना घरची शांत वेळ राखून ठेवा.

प्रवेशाची कागदपत्रं बघतो
सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून, ८५ टक्के राज्याच्या. राज्याच्या जागांसाठी अधिवास प्रमाणपत्र लागतं. राखीव प्रवर्ग असेल तर जात वैधता आणि जिथे लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर. वैधतेचा अर्ज अकरावीतच टाका. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या नोंदी शोधण्यात महिने जातात, आणि घरात आजारपण असलं की हेच काम मागे पडतं. निकालानंतर धावपळ केली तर गुण असूनही जागा जाते. हे फार वाईट वाटतं बघायला.

प्रत्यारोपणाच्या कामात आहे
‘माझी किडनी घ्या’ म्हणणारी मुलं असतात. १८ पूर्ण नसतील तर, अगदी अपवादात्मक परवानगी सोडली तर, कायद्यानं जिवंतपणी अवयव देता येत नाही. त्यांच्या मनावरचं हे ओझं डॉक्टरांनी स्वतः बोलून उतरवावं.

पुन्हा डायलिसिस विभागातून
नीटचे गुण कमी पडले तर बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी, बघा. ३ वर्षं आणि १ वर्ष इंटर्नशिप, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी. मशीन आम्हीच चालवतो, आणि पेशंटजवळ ते चारही तास आम्हीच असतो.