विषय: एटीव्हीचं इंजिन फिरतंय, पण धरत नाही (जांबोटी, ता. खानापूर)

प्रेषक: खानापूरकर

सर्वांना नमस्कार.

सुट्टीवर गावी आलोय, जांबोटीजवळ. धाकट्या भावाने काजूच्या बागेत खताची पोती न्यायला ११० सीसीची छोटी एटीव्ही (चार जाड चाकांची, हँडलवाली गाडी) घेतली आहे. चिनी बनावट, फोर स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली. पावसाळाभर गोठ्याच्या पडवीत उभी होती. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच, टांगलेला कपडाही वाळत नाही. आता बॅटरी चार्ज करून बटण दाबलं की इंजिन जोरात फिरतं, पण चालू होत नाही. भाऊ म्हणतो, "फिरूलालंय बघ, पण पेटंना."

एका गॅरेजवाल्याने कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग), सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि इग्निशन कॉइल, तिन्ही बदलायला सांगितलंय. मला ते पटत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम केलेले काका या मेलिंग लिस्टवर आहेत, म्हणून विचारतोय. सुरुवात कुठून करू?

---

प्रेषक: उद्यमबागवाले काका

अरे, तुला पटत नाही ते बरोबरच आहे. न उघडता तीन वस्तू बदलायला सांगणं हे निदान नव्हे. एक पैसाही खर्च करण्याआधी प्लग काढ. कुठल्या बाजूला जायचं ते प्लगच सांगतो.

त्याआधी दोन गोष्टी बघ. हँडलवरचं लाल बटण 'रन'वर आहे का? आणि मागच्या बाजूला दोरी लावलेला सेफ्टी स्विच असेल, तर ती दोरी नीट बसली आहे का? अशा बऱ्याच गाड्यांत हे स्विच फक्त करंट तोडतात, स्टार्टर फिरतच राहतो. तुझ्या तक्रारीशी हे तंतोतंत जुळतं, आणि पोरं नेमकी त्या दोरीशीच खेळतात.

आता चोक ओढून पाच-सहा सेकंद स्टार्टर मार, थांब, परत मार. सलग दाबून धरू नकोस, मोटर तापते. मग १६ नंबरच्या पान्याने प्लग काढ. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, पण करंट नाही किंवा पेट्रोल जास्त झालंय. जास्त झालं असेल तर चोक बंद कर, प्लग पुसून परत बसव, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मार.

करंट बघायला प्लग कॅपमध्ये घाल, त्याचे आटे हेडच्या उघड्या धातूला टेकव आणि रबरी मुठीच्या पकडीने धरून स्टार्टर मार. प्लगच्या भोकावर फडकं दाबून ठेव, त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. निळी, चटचट आवाजाची ठिणगी चांगली. पिवळी, मरतुकडी ठिणगी दिसली तर आधी नवा प्लग लाव. या इंजिनांना बहुधा ए७टीसी लागतो, गॅप ०.६ ते ०.७ मिमी.

करंट अजिबात नसेल तर सीडीआयच्या पाच वायरींत काळी-पांढरी शोध. सहसा तीच इंजिन बंद करणारी वायर असते. तिला जमीन (अर्थ, म्हणजे इंजिनच्या धातूशी जोड) मिळाली की करंट तुटतो. ती काढल्यावर ठिणगी आली तर सीडीआय ठणठणीत आहे, ओल धरलीय ती किल्लीने किंवा स्विचने. ही तपासणी प्लग बाहेर असतानाच कर आणि वायर लगेच परत जोड. नाहीतर चालू झालेली गाडी किल्लीने बंद होणार नाही.

पण गाडी पावसाळाभर उभी होती, त्यामुळे माझा पहिला संशय पेट्रोलवर आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल-पाणी एकत्र होऊन तळाला बसतं. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचा स्क्रू ढिला कर आणि पेट्रोल काचेच्या बरणीत घे. दोन थर दिसले तर टाकीही रिकामी करायला लागेल.

एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने घर केलंय का, सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने माती भरलीय का, तेही टॉर्च मारून बघ. गोठ्यातल्या गाडीला दोन्ही होतं.

---

प्रेषक: निपाणीची ताई, बहारीन

काकांनी सांगितलंय तसंच कर भाऊ, पण गाडी आधी पडवीतून अंगणात ढकल. गवताची गंजी, कडबा आणि उघडं पेट्रोल जवळजवळ नको. ठिणगी बघताना ती बरणी पार लांब, झाकण लावून ठेव. जुनं पेट्रोल विहिरीच्या बाजूला ओतू नका. आणि गाडी चालू झाली तरी लहान पोरांच्या हातात देऊ नका, ११० सीसी म्हणजे खेळणं नव्हे.

---

प्रेषक: खानापूरकर

काका, ताई, मनापासून आभार. दोरी जागेवर होती. प्लग अगदी कोरडा निघाला. ठिणगी मात्र निळी, सावलीत लख्ख दिसली. म्हणजे सीडीआय आणि कॉइलचे पैसे वाचले!

वाटीतलं पेट्रोल बरणीत घेतलं आणि थोडा वेळ ठेवलं. वर पिवळसर, खाली गढूळ थर, मध्ये स्पष्ट रेघ. वासही आंबूस. टाकी रिकामी केली, फिल्टर बदलला, ताजं पेट्रोल घातलं. चोक ओढून गाडी चालू झाली, भाऊ नुसता नाचला. पण चोक सोडला की बंद पडते. आता काय?

---

प्रेषक: उद्यमबागवाले काका

छान! आता पायलट जेट. चोकवर चालते आणि चोक सोडला की मरते, म्हणजे स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता चालताना) पेट्रोल कमी पडतंय. वाटी उघड. मधला मोठा तो मेन जेट, त्याच्या शेजारी खोल बसलेला बारीक तो पायलट. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं. सुई किंवा सेफ्टी पिन घालू नकोस, भोक मोठं झालं की जेट गेला. कार्ब क्लीनर मारून भिजत ठेव, मग लाइटच्या वायरीतला तांब्याचा एकच तंतू आतून फिरव. उजेडाकडे धरल्यावर भोक गोल आणि स्वच्छ दिसायला हवं. अर्धवट दिसलं तर परत भिजव.

जेट साफ करूनही तसंच राहिलं, तर कार्ब्युरेटर आणि हेडमधल्या पाइपाचे नट आवळ आणि तिथली रबरी रिंग बघ. तडा गेला असेल तर तिथून हवा ओढते.

शिवाय इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट (व्हॉल्व्हवरची बारीक फट) मोज. या इंजिनांना साधारण ०.०५ मिमी लागतो. टॅपेट घट्ट झाला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि सकाळी गाडी छळते. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) खानापुरात नाही मिळाला तर बेळगावात मिळेल.

आणि भावाला सांग, पुढच्या मे अखेरीस पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. वाटीत थेंब ठेवायचा नाही. टॅपेटचा आकडा कळव.