शुभेच्छापत्रावर काय छापायचं? नाताळ, नवं वर्ष की नुसता हिवाळा?

प्रेषक : चिटणीस, दौलतगंज, ग्वाल्हेर

सर्व सभासदांना स. न. वि. वि.

डिसेंबरअखेरीस आपल्या मराठी मंडळाचं शुभेच्छापत्र जायचं आहे. आजवर त्यावर ‘नाताळ, नववर्ष आणि मकरसंक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा’ असं छापलेलं असायचं. यंदा कार्यकारिणीत दोन सूचना आल्या. पहिली : सणांची नावंच नकोत, ‘हिवाळ्याच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढंच असावं, म्हणजे कुणाला परकं वाटायला नको. दुसरी : मंडळ मराठी सणांसाठी आहे, तेव्हा नाताळ काढून फक्त संक्रांत ठेवावी. बैठकीत एकमत झालं नाही. छापखान्याला मजकूर रविवारी द्यायचा आहे. परदेशातल्या मंडळींनीही अवश्य लिहावं, तुमच्याकडे हा विषय दरवर्षीचाच असणार.

प्रेषक : न्यू जर्सीतला सभासद

काका, नमस्कार.

खरं आहे, इथे हा विषय थँक्सगिव्हिंग झालं की सुरू होतो. दुकानात, बँकेत, ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणतात, आणि काही लोकांना वाटतं की ख्रिसमसचं नाव मुद्दाम दडपलं जातंय. मला त्यात तसं काही दिसत नाही. काउंटरवरच्या मुलीला समोरचा माणूस कोण हे कसं कळणार? ज्यूंचा हनुका आठ दिवसांचा, आणि त्यांच्या पंचांगाप्रमाणे दरवर्षी पुढेमागे सरकतो. क्वान्झा 26 डिसेंबरला सुरू होतो, तो 1966 साली सुरू झालेला आफ्रिकन-अमेरिकन लोकांचा सण. बऱ्याच ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा ख्रिसमस 7 जानेवारीला. इतक्या गर्दीत अनोळखी माणसाला सगळ्यांना चालेल असं काहीतरी म्हणणं ही साधी रीतभात झाली. आणि हे काही आजचं खूळ नाही. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात, 1953 साली, व्हाइट हाउसचं पहिलं अधिकृत कार्ड निघालं, त्यावरही ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’च होतं.

पण दुसरी बाजूही सांगतो. इथल्या टपाल खात्याने हनुकाचं तिकीट 1996 मध्ये काढलं, ईदचं 2001 मध्ये आणि दिवाळीचं 2016 मध्ये. दिवाळीच्या तिकिटासाठी इथल्या भारतीयांनी कितीतरी वर्षं अर्ज-विनंत्या केल्या होत्या. सोनेरी पार्श्वभूमीवर एक पेटलेली पणती आणि खाली ‘दिवाली’ अशी अक्षरं. पोस्टातून पहिला संच आणला तेव्हा बायको ते तिकीट पाकिटाला लावायलाच तयार नव्हती. त्याऐवजी खात्याने ‘शरद ऋतूच्या शुभेच्छा’ असं तिकीट काढलं असतं तर आम्ही ते हातातसुद्धा घेतलं नसतं. आम्हाला आमच्या सणाचं नाव हवं होतं.

म्हणून मला वाटतं, अनोळखी माणसाला मोघम शुभेच्छा ठीक, ओळखीच्या माणसाला त्याच्या सणाच्या. मंडळाच्या यादीतला प्रत्येक जण तुमच्या ओळखीचा आहे.

प्रेषक : बर्मिंगहॅमची सभासद

नमस्कार. आमच्या शहरात ‘विंटरव्हल’ नावाचं प्रकरण झालं होतं, ते इथे सांगण्यासारखं आहे. 1997 आणि 1998 साली नगरपालिकेने हिवाळ्यातल्या सगळ्या कार्यक्रमांना मिळून हे एक नाव दिलं. त्यात दिवाळी होती, ख्रिसमसही त्याच्या स्वतःच्या नावानेच होता, गाणी, झाड, रोषणाई सगळं. तरी ‘ख्रिसमसवर बंदी घातली’ अशी हाकाटी झाली आणि पुढे कितीतरी वर्षं वर्तमानपत्रं तेच छापत राहिली. नगरपालिकेचा हेतू फक्त लोकांना बाजारपेठेत आणण्याचा होता. वरचं छत्रीसारखं नाव लोकांच्या लक्षात राहिलं आणि खाली कुणाकुणाचे सण होते ते कुणी वाचलंच नाही. आपल्या पत्राचं तसं होऊ नये.

प्रेषक : शिंदे की छावणी, ग्वाल्हेर

सर्वांस सप्रेम नमस्कार.

दुसरी सूचना माझी आहे, म्हणून लिहितो. मला नाताळाचं वावडं नाही. शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे, 25 तारखेला सकाळी मी स्वतः जाऊन भेटून येतो. पण मंडळाचं काय? आपली नातवंडं घरात हिंदी बोलतात, शाळेत इंग्रजी. नाताळाचं झाड, लाल टोपीतला म्हातारा, केक, हे त्यांना शाळेत आणि मॉलमध्ये भरपूर दिसतं. तिळगूळ कशासाठी देतात, काळी चंद्रकळा का नेसतात, बोरन्हाण कुणाचं करतात, हे सांगणारी जागा मंडळाखेरीज उरली आहे का? महादजींच्या आणि दौलतरावांच्या मागोमाग आपली घराणी इथे आली, आणि इतकी वर्षं आपण मराठी राहिलो ते सणांच्या जोरावर. एका छोट्या पत्रावर सगळ्यांनाच जागा द्यायची म्हटली की आपल्याच सणाची जागा आकसते. ती राखायला मी मागतोय, यात कुणाचा द्वेष नाही.

प्रेषक : फालके बाजार, ग्वाल्हेर

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. नातवंडांबद्दलची तुमची काळजी माझीही आहे, बोरन्हाणाचं तर अगदी खरं. पण जागा आकसते हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण आपलं गाव आहे.

तानसेन समारोह दरवर्षी डिसेंबरात होतो. 1924 मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात उरुसाच्या रूपाने तो सुरू झाला, 2024 साली शंभरावा झाला. रात्रीच्या मैफलींना सगळे जातात, पण सकाळी हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी काय होतं ते बघायला फार कमी लोक येतात. शहनाई होते. मग ढोलीबुवांच्या मठाचे महाराज हरिकथा करतात. मग मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या जन्माचं स्तवन, वाचला जातो आणि चादर चढते. सगळं एकाच मांडवात, एकाच सकाळी, एका गवयाच्या नावाने, शेजारी त्याच्या गुरूंचा, मुहम्मद गौस यांचा मकबरा. आपल्या मराठी नाथपंथी मठाची कथा तिथे कथा म्हणूनच होते आणि मिलाद मिलाद म्हणूनच. दोन्हींचं मिश्रण करून कुणी एक ‘सर्वधर्म प्रार्थना’ बसवली नाही. हरिकथेतला एक शब्द कमी करावा लागला नाही, मिलादमधलाही नाही. थंडीत शाल घट्ट लपेटून सतरंजीवर बसलेली माणसं दोन्ही ऐकतात आणि मग उठतात.

तुम्ही महादजींचं नाव काढलंत. त्यांचे गुरू मन्सूर शाह, बीडचे. त्यांचा उरूस आजही इथल्या गोरखी महालाच्या आवारात होतो आणि शिंदे घराण्यातली माणसं पारंपरिक पोशाखात त्याला येतात. त्यामुळे शिंद्यांच्या घरची दिवाळी किंवा दसरा लहान झाला असं कुणी म्हणेल का?

दिवाळीचंच बघा. किल्ल्यावर दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. जहांगीराने गुरू हरगोविंदांना याच किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं, आणि सुटताना ते सोबत 52 राजांना सोडवून घेऊन गेले अशी शीख परंपरा आहे. दिवाळीच्या दिवशी शीख बंदी छोड दिवस पाळतात, आणि तो प्रसंग घडला तो आपल्या डोक्यावरच्या किल्ल्यात. त्याच किल्ल्याच्या कड्यात तीर्थंकरांच्या एवढ्या मोठ्या मूर्ती कोरलेल्या आहेत, आणि जैनांची दिवाळी ही महावीरांच्या निर्वाणाची. आपलं लक्ष्मीपूजन त्याच संध्याकाळी. सराफ्यातल्या जैन दुकानदाराला मी दिवाळीच्या शुभेच्छा देते तेव्हा तो मला लक्ष्मीपूजनाच्या देतो. गुरुद्वाऱ्यातल्या सेवेकऱ्यांना बंदी छोडच्या दिल्या की त्यांचे चेहरे उजळतात, कारण शहरातल्या बऱ्याच लोकांना ते माहीतच नसतं. गुढीपाडव्याला किंवा दुसऱ्या दिवशी सिंधी मंडळींचा चेटीचंड, म्हणजे त्यांचं नववर्ष, येतो. फाळणीनंतर आलेली ही घरं आपल्या गल्लीत आहेत, आणि गुढी उतरवताना मी त्यांनाही हाक मारते.

म्हणून नावं काढू नयेत असं माझं मत आहे, पहिल्या सूचनेच्याही विरोधात आणि तुमच्याही. ‘हिवाळ्याच्या शुभेच्छा’ कुणाच्या? जानेवारीतला धुक्याचा गारठा आपल्याला कुणी शुभेच्छा म्हणून द्यायला नको. आणि नाताळ काढला तर मुरारच्या आपल्या सभासद ताईंना काय सांगणार आहोत? त्या गणपतीत आरतीच्या ताटाची सगळी मांडामांड करतात, दरवर्षी. दिवाळीत माझा डबा त्यांच्याकडे जातो आणि तो नाताळात करंज्या, चकल्या भरून परत येतो. स्टीलचा डबा, झाकणावर माझ्या सासूबाईंचं नाव कोरलेलं, दोरीने बांधलेला. रिकामा डबा परत करू नये ही आपलीच रीत, आणि त्यांनी ती आपल्यापेक्षा जास्त पाळली आहे. ताई, तुम्हीच लिहा. तुमच्याबद्दल आम्ही बोलतोय आणि तुम्ही गप्प आहात हे बरं वाटत नाही.

प्रेषक : मुरार, ग्वाल्हेर

सर्वांना नमस्कार.

काकू म्हणाल्या म्हणून लिहिते. माझ्यासाठी म्हणून कुणी नाताळाचं नाव पुसायला निघालं असेल तर कृपा करून तसं करू नका. मला त्यात काही मिळत नाही, उलट जे होतं ते जातं.

आणि छावणीच्या दादांना नम्रपणे सांगते, नाताळ बाहेरून आलेला सण आहे हे मला मान्य नाही. माझं माहेर नगरचं. रेव्हरंड नारायण वामन टिळक तिथे राहिले, 1919 साली गेले. त्यांची मराठी भक्तिगीतं माझ्या आजीला तोंडपाठ होती. आमच्याकडे चर्चमध्ये पेटी-तबल्यावर कीर्तन व्हायचं, अगदी पूर्वरंग-उत्तररंग धरून. नाताळाला आजी करंज्यांचं सारण परतायला बसली की खोबरं, खसखस आणि वेलचीचा वास अंगणापर्यंत यायचा. केक आमच्या घरात फार उशिरा आला. लाल टोपीतला म्हातारा मलाही मॉलमध्येच भेटला. दादा, तुम्हाला नातवंडांसाठी जे वाटतं तेच मला माझ्या मुलांसाठी वाटतं. त्यांनाही मराठी नाताळ माहीत नाही.

एक विनंती आहे. आमचा नाताळ संक्रांतीच्या पत्रात घुसवू नका. मला 25 तारखेला नाताळच्या शुभेच्छा द्या, आणि संक्रांतीला तिळगूळ द्या. दोन्ही मी आनंदाने घेईन. तीन सण एका ओळीत स्वल्पविराम देऊन लिहिले की कुणाचाच दिवस साजरा झाल्यासारखा वाटत नाही.

प्रेषक : शिंदे की छावणी, ग्वाल्हेर

ताई, टिळकांच्या कीर्तनाचं मला माहीत नव्हतं. तुमच्या माहेरची ती गीतं कुणाकडे असतील तर मंडळात एका संध्याकाळी ऐकवा, मी स्वतः पेटी घेऊन येतो. दोन वेगळी पत्रं पाठवायची तुमची सूचना मला मान्य आहे. संक्रांतीच्या पत्रावर मात्र संक्रांतच असू दे, आणि बोरन्हाणाबद्दल चार ओळी.

प्रेषक : थाटीपूर, ग्वाल्हेर

नमस्कार काका-काकू.

नाताळाचं मिटत आलं आहे तर मला आता जानेवारीचं बोलायचं आहे. कुणाला परकं वाटू नये म्हणून आपण एवढं लिहिलं, पण त्याच पत्राच्या मागच्या बाजूला हळदीकुंकवाचं आमंत्रण छापलेलं असतं : ‘सर्व सुवासिनींनी अगत्य येण्याचे करावे.’ माझी आई गेली काही वर्षं त्या दिवशी घरीच असते. बाबा असताना तिळाचे लाडू वळायला पहाटे चारला उठणारी, हलव्याचे दागिने स्वतः करणारी ती बाई. काटेरी हलवा चांगला यायचा म्हणून आपला अर्धा लश्कर भाग तिच्याकडे शिकायला यायचा, मंद आचेवर परातीत बोटांनी तीळ फिरवत पाक चढवताना तिचा हात कधी थांबला नाही. आता ती हलवा करून माझ्या हाती पाठवते. तिला कुणी ‘येऊ नका’ म्हटलेलं नाही. आमंत्रणानेच सांगितलं.

ख्रिस्ती, शीख, सिंधी सगळ्यांची नावं आपण जपून ठेवू, पण आपल्याच घरातल्या या बायकांची मोजदाद कोण करणार? हळदीकुंकू राहू दे, वाण राहू दे, नाव बदलू नका. फक्त बोलावणं सगळ्या बायकांना जाऊ दे, आणि दारात हळदीकुंकू लावताना आधी विचारू नका. जिला नको असेल ती स्वतः सांगेल. मुरारच्या मावशीही आल्या तर वाण त्यांनाही.

प्रेषक : फालके बाजार, ग्वाल्हेर

पोरी, हे आमच्या पिढीने केव्हाच करायला हवं होतं. यंदा हळदीकुंकवाला पहिलं वाण तुझ्या आईच्या हातून लुटलं जाईल, मी तिला न्यायला घरी येते. कार्यकारिणीतल्या कुणाची हरकत असेल तर त्यांनी इथेच, सगळ्यांसमोर लिहावं.

प्रेषक : चिटणीस, दौलतगंज, ग्वाल्हेर

सर्वांचे आभार. हरकत आलेली नाही, तेव्हा पुढील मजकूर नक्की केला आहे, आणि छापील पत्राचा आज छापखान्याला दिला आहे.

पहिलं पत्र, 24 डिसेंबरच्या संध्याकाळी ईमेलने : ‘आपल्या ख्रिस्ती सभासदांना आणि मित्रांना नाताळच्या मनःपूर्वक शुभेच्छा.’ नववर्षाचं वेगळं पत्र काढायचं नाही असं ठरलं.

दुसरं पत्र, छापील, 10 जानेवारीपर्यंत हातात पडेल असं : ‘मकरसंक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा. तिळगूळ घ्या, गोड गोड बोला.’ आत बोरन्हाणावर चार ओळी, त्या छावणीचे दादा लिहून देतील. मागच्या बाजूला : ‘मंडळाच्या हळदीकुंकवाला सर्व भगिनींनी यावे.’

बंदी छोड दिवस, महावीर निर्वाण, चेटीचंड आणि ईद यांच्या तारखा पुढच्या वर्षाच्या मंडळ-दिनदर्शिकेत घालायच्या आहेत. शीख, जैन, सिंधी किंवा मुस्लीम शेजारी असलेल्या सभासदांनी त्यांच्याकडूनच विचारून, शुभेच्छा ते कशा देतात ते जसंच्या तसं लिहून पाठवावं. आपण अंदाजाने छापायचं नाही. टिळकांच्या गीतांच्या संध्याकाळीसाठी तूर्त फेब्रुवारीचा दुसरा शनिवार राखून ठेवला आहे. तबलजी ठरला की कळवतो.